घरातल्या अर्थिंगची वायर किती जाडीची घ्यावी?

फेजची वायर 16 चौरस मिमीपर्यंत असेल, तर अर्थिंगची तांब्याची वायर तेवढ्याच जाडीची घ्यायची. लाइट-पंख्याला दीडची (म्हणजे 1.5 चौरस मिमीची), साध्या प्लगला अडीचची, गिझर आणि एसीला चारची, मीटरपासून डीबीपर्यंत (घरातली सर्किटं वाटणाऱ्या पेटीपर्यंत) सहाची किंवा दहाची. जी फेजला, तीच हिरव्या म्हणजे अर्थिंगच्या वायरला. फेज 16 ते 35 चौरस मिमी असेल तर अर्थिंगला 16 पुरते, त्याहून जाड असेल तर निम्मी. घरात त्या आकड्यांपर्यंत जायची वेळ सहसा येत नाही.

एका पाइपातून तीन सर्किट जात असतील तर हिरवी वायर एकच चालते, पण ती त्यातल्या सर्वांत जाड फेजइतकी हवी. फेजसोबत न जाता वेगळी ओढलेली अर्थिंगची वायर पाइपात असेल तर 2.5 आणि उघडी असेल तर 4 चौरस मिमीपेक्षा बारीक घेऊ नका. हे माप ताकदीसाठी आहे, करंटसाठी नाही.

पैसे वाचवायला सगळ्या घरात एकची हिरवी वायर फिरवतात. त्यात काय बिघडतं ते आकड्यांत बघा. अर्थिंगच्या खड्ड्याचा (जमिनीत पाइप पुरलेला असतो त्याचा) रेझिस्टन्स 8 ओहम धरला, तर गिझरची फेज बॉडीला लागल्यावर 230 भागिले 8, म्हणजे जास्तीत जास्त 29 अँपिअर वाहतील. 16 अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी (जादा करंट आला की आपोआप पडणारा स्विच) ताबडतोब पडायला 80 ते 160 अँपिअर लागतात. 29 वर तो कितीतरी वेळ तसाच उभा राहतो. तेवढ्या वेळात एकची वायर तापून शेजारच्या वायरींचं पीव्हीसीही वितळवू शकते, आणि गिझरची बॉडी जिवंत राहते ती वेगळीच.

म्हणजे वायर कितीही जाड घेतली तरी खड्डा कोरडा असेल तर एमसीबी पडत नाही. मराठवाड्यात हीच खरी अडचण. परभणीकडच्या काळ्या मातीला एप्रिल-मेमध्ये भेगा पडतात, माती पाइपापासून सुटते. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात थोडं खोदलं की मुरूम आणि खडक. पावसाळ्यात 5 ओहम दाखवणारा खड्डा उन्हाळ्यात 20 वर गेला, तर फॉल्टचा करंट 11.5 अँपिअर. मग एमसीबी पडणारच नाही.

म्हणून 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळायला लागला की सप्लाय तोडणारा स्विच) लावाच. खड्डा शंभर ओहमचा असला तरी ती पडते. पण आरसीसीबी आहे म्हणून अर्थिंग सोडू नका. अर्थिंग नसेल तर बॉडीत फेज आलेली तिला कळत नाही. माणसाचा हात लागला की मगच ती पडते. तिच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा.

खड्डा घराच्या भिंतीपासून किमान दीड मीटर दूर, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) पाइप 38 मिमी आतल्या व्यासाचा, अडीच मीटर लांब. खडक वर लागला तर पाइप थोडा तिरका घालता येतो, उभ्यापासून 30 अंशांपर्यंत. तेही जमत नसेल तर अर्ध्या मीटरहून खोल चर खणून पट्टी आडवी पुरा. लांबी जितकी जास्त तितकं बरं. मिठाने रेझिस्टन्स उतरतो, पण पाइपही गंजतो, बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) बरं. उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओता.

खड्ड्यापासून डीबीपर्यंत जीआय तार वापरायची असेल तर जाडीचा हिशोब बदलतो. लोखंडाला तांब्याच्या सुमारे पावणेतीन पट क्षेत्रफळ लागतं. चारच्या तांब्याऐवजी 11 चौरस मिमी हवी: 8 नंबरची तार (सुमारे 13) चालते, 10 नंबरची (सुमारे 8.3) अपुरी पडते. दहाच्या मेनला 25×3 मिमीची पट्टीच घ्या. तांबं आणि जीआयचा जोड जमिनीवर, कलई केलेल्या लगने (वायरीच्या टोकाला बसवायच्या भोकाच्या टोपणाने), बोल्ट आवळून. मातीत पुरलेला जोड लवकर खातो.

हिरवी वायर एका प्लगच्या स्क्रूतून दुसऱ्याकडे नेऊ नका. एक प्लग काढला की पुढचे सगळे विनाअर्थिंग होतात. बॉक्समध्ये जोड करून प्रत्येक प्लगला वेगळं शेपूट द्या. आणि अर्थिंगच्या पिनला न्यूट्रल जोडणं म्हणजे जीवघेणा शॉर्टकट: बाहेर न्यूट्रल तुटला की फ्रिजपासून मिक्सरपर्यंत प्रत्येक बॉडीत फेज येते.

पत्र्याच्या कूलरला दोन पिनांची वायर कधीच नको. 1 किंवा 1.5 चौरस मिमीची तीन कोअरची लवचिक केबल घ्या, हिरवी कोअर पत्र्याला रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून आवळा. बोअरच्या मोटरीची चपटी केबल बहुधा तीनच कोअरची असते, त्यात अर्थिंग नसतं. स्टार्टरच्या पेटीला आणि लोखंडी केसिंगला (बोअरमधल्या पाइपाला) वेगळी वायर ओढा.

तपासायला मेन बंद करून मल्टिमीटर प्लगच्या अर्थ पिनपासून डीबीतल्या अर्थ बारपर्यंत लावा. दीडच्या 20 मीटर वायरीचा रेझिस्टन्स सुमारे पाव ओहम. मल्टिमीटरची टोकं एकमेकांना टेकवून येणारा आकडा वजा करा. एक ओहमच्या वर उरला तर जोड ढिला आहे. खड्ड्यासाठी अर्थ टेस्टर असलेल्या परवानाधारक वायरमनला बोलवा, तोही मे महिन्यात. फेज आणि अर्थमध्ये 100 वॉटचा बल्ब लावून बघू नका: त्या बल्बचाच रेझिस्टन्स पाचशे ओहमच्या वर, त्यात 20 ओहमचा वाईट खड्डाही लख्ख पेटलेला दिसतो.