मुलगा, मुलगी आणि घरकाम: आधी नोंद, मग वाटणी

‘आमच्याकडे दोघांना सारखंच’ असं बहुतेक आईवडील मनापासून सांगतात. पण २०२४च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत स्वतःच्या घरातलं काम करणाऱ्या बायकांचा त्या कामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ गेलेला दिसला, पुरुषांचा ८८ मिनिटं. ही सवय शाळकरी वयातच लागते, म्हणून आपल्या घरचा हिशोब मांडून बघा.

वहीत पहाटे ४ ते दुसऱ्या पहाटे ४ असे अर्ध्या-अर्ध्या तासाचे ४८ रकाने पाडा. मुलाचं पान वेगळं, मुलीचं वेगळं. शाळेचा एक दिवस आणि एक रविवार पुरतो. दिवसातून तीनदा भरा. रात्री आठवून लिहिलं की ताटं घेणं, कपड्यांच्या घड्या, धाकट्याला सांभाळणं हमखास सुटतं.

मुलगी पुस्तक हातात घेऊन ओट्याशी कुकरच्या शिट्ट्या मोजत असेल, तर तो अर्धा तास नुसता अभ्यास म्हणून धरू नका. दोन्ही लिहा आणि भोवती गोल करा. अभ्यासातून उठवणाऱ्या प्रत्येक हाकेला एक फुली. तासांची बेरीज सारखी दिसली तरी कोणाच्या पानावर फुल्या जास्त आहेत ते पाहा, कारण अर्ध्यावर सोडलेलं गणित पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागतं.

वाटणीत फसगत होते ती अशी: दळण, किराणा, सिलिंडर ही सवडीची कामं मुलाकडे जातात, पोळ्या, भांडी, केर ही वेळेला बांधलेली कामं मुलीकडे. मिनिटं जुळतात, पण सलग वेळ एकालाच मिळतो. म्हणून वेळेची कामं दर आठवड्याला अदलाबदल करा. काम अख्खं सोपवा. भांडी म्हणजे घासणं, निथळवणं, जागेवर लावणं, ओटा पुसणं, सिंकच्या जाळीतलं खरकटं काढणं आणि साबण संपत आला की सांगणं. ‘ताईला मदत कर’ म्हटलं की जबाबदारी ताईचीच राहते.

स्वयंपाक मापाने शिकवा. साध्या तांदळाला वाटीला दोन वाट्या पाणी आणि तीन शिट्ट्या. दोन वाट्या कणकेला साधारण एक वाटी पाणी, तेही थोडं थोडं घालत. पोळी वाकडी झाली तरी तीच वाढा. लाटणं हातातून काढून घेतलं की मुलगा पुन्हा ओट्याकडे फिरकत नाही.

दहावी-बारावीची सूट आधीच लिहून ठेवा: परीक्षेआधी सहा आठवडे, मुलगा असो वा मुलगी. तेव्हाचं काम बाबांनी उचलायचं, दुसऱ्या भावंडावर टाकायचं नाही. गौरी-गणपतीत आणि दिवाळीच्या फराळाच्या दिवसांत पानं पुन्हा भरा. मुलीचे रकाने तेव्हा सगळ्यात जास्त बदलतात.