१२४८ सीसीचे डिझेल इंजिन: दुरुस्तीआधीच्या या चुका टाळा

मराठवाड्यातील कोणत्याही तालुक्याच्या बसस्थानकाबाहेर उभ्या असलेल्या भाड्याच्या गाड्यांची बॉनेट उघडून पाहिली, तर निरनिराळ्या कंपन्यांच्या बोधचिन्हांखाली अनेकदा एकच इंजिन आढळते. मारुतीने त्याला डीडीआयएस म्हटले, टाटाने क्वाड्राजेट म्हटले आणि ज्या फियाटचे ते मूळ अपत्य आहे तिने मल्टीजेट म्हटले. २००३ मध्ये युरोपात आलेले हे इंजिन २००७ च्या सुरुवातीस स्विफ्टमधून आपल्याकडे घरोघरी पोहोचले आणि पुढे डिझायर, रिट्झ, एर्टिगा, ब्रेझा, इंडिका व्हिस्टा, मान्झा, पुंटो, लिनिया अशा कितीतरी गाड्यांत बसले. एप्रिल २०२० मध्ये धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या गाड्यांतून त्याची रजा झाली. त्यामुळे आज वापरात असलेली ही इंजिने जुनी आहेत, अनेकांची मालकी एकदोनदा बदललेली आहे आणि त्यांची देखभाल अधिकृत सेवाकेंद्रापेक्षा गावातल्या मिस्त्रीकडे अधिक होते.

इंजिनाची रचना थोडक्यात अशी आहे. चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, ६९.६ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), ८२ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव), लोखंडी ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचे हेड. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. साध्या टर्बोच्या आवृत्तीत सुमारे ७५ अश्वशक्ती व १९० न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो, तर बदलत्या पात्यांच्या टर्बोच्या आवृत्तीत ९० अश्वशक्ती व २०० न्यूटन-मीटर. डिझेल कॉमन रेलमधून, म्हणजे चारही सिलिंडरांना जोडलेल्या एका सामाईक दाबनळीतून जाते आणि रेलमधला दाब आवृत्तीनुसार १४०० ते १६०० बारपर्यंत चढतो. कॅमशाफ्ट फिरवण्यासाठी रबरी पट्टा नसून चेन आहे. मालकाच्या दृष्टीने मात्र या सगळ्यांहून महत्त्वाचा आकडा वेगळाच आहे, तो म्हणजे ऑइलचा. हे इंजिन सुमारे ३ लिटर ऑइलवर चालते. चेन ताणून धरणारा टेन्शनर, व्हॉल्व्हची फट आपोआप जुळवणारे हायड्रॉलिक टॅपेट आणि मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणारा टर्बोचा दांडा, ही सर्व मंडळी याच ३ लिटरांवर अवलंबून असतात. अर्धा लिटर ऑइल कमी झाले, म्हणजे एक षष्ठांश भांडवल गेले.

‘चेनला काही होत नाही’ हा गैरसमज

पट्टा ठरावीक अंतरानंतर बदलावा लागतो आणि चेन जन्मभर चालते, असे विक्रेत्याने सांगितलेले असते. हे विधान एका अटीवर खरे आहे: टेन्शनरला स्वच्छ आणि पुरेशा दाबाचे ऑइल मिळत राहिले पाहिजे. ऑइल कमी झाले, घट्ट झाले किंवा काजळीने भरले, की टेन्शनर ढिला पडतो, चेन गाइडवर आपटू लागते आणि शेवटी एखाददुसरा दाता ओलांडते. मग पिस्टन व्हॉल्व्हला भिडतो. या इंजिनात अशा वेळी अनेकदा प्रथम रॉकर (व्हॉल्व्ह दाबून उघडणारे छोटे दांडे) तुटतात, जे त्यातल्या त्यात बरे असते. परंतु व्हॉल्व्ह वाकले असतील तर हेड उतरवण्यावाचून गत्यंतर नसते.

पूर्वसूचना मिळत नाही असे मुळीच नाही. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला सकाळी सेल्फ मारल्यावर पहिले दोन-तीन सेकंद चेनच्या बाजूने खडखडाट येतो आणि ऑइलचा दाब भरताच तो थांबतो. डिझेल इंजिन म्हटल्यावर आवाज यायचाच, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. हा आवाज सुरू झाला की आधी ऑइलची पातळी दाखवणारी काडी पाहावी आणि ऑइल पुरेसे असूनही आवाज टिकत असेल तर चेन, गाइड व टेन्शनरचा पूर्ण संच बदलावा. नुसती चेन बदलून जुना टेन्शनर ठेवणे ही वायफळ काटकसर आहे. चालू गाडी अचानक बंद पडली आणि सेल्फ मारताना इंजिन नेहमीपेक्षा हलके व वेगळ्या लयीत फिरू लागले, तर पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नये आणि चार माणसे गोळा करून धक्का तर अजिबात देऊ नये. दोन रॉकरांवर निभावले असते तिथे संपूर्ण हेडचे काम निघते, ते या उत्साहामुळे.

युरोपातील काही आवृत्त्यांना ३०,००० किलोमीटरपर्यंत ऑइल चालवण्याची मुभा होती. ती आपल्या धुळीला आणि ४२ अंशांच्या उन्हाळ्याला लागू करू नये. भाड्याच्या गाडीने १०,००० किलोमीटरच्या आत ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलावेत. शेतकरी घरांत आणखी एक प्रकार सर्रास होतो: ट्रॅक्टरसाठी आणलेल्या ड्रममधले १५डब्ल्यू-४० ऑइल उरले म्हणून ते गाडीत ओतले जाते. कंपनीने ५डब्ल्यू-३० किंवा ५डब्ल्यू-४० अशी थंडपणी अधिक पातळ राहणारी प्रत सुचवली आहे, ती गाडी थंड असताना ऑइल टेन्शनरपर्यंत चटकन पोहोचावे यासाठी. ऑइल काळे पडले म्हणून मात्र घाबरू नये. डिझेल इंजिनात नवे ऑइलही काही शे किलोमीटरांत काळे होते. पातळी कमी होण्याइतकीच ती वाढणेही वाईट असते. काडीवर ऑइल वरच्या खुणेच्या पुढे चढलेले दिसले आणि त्याला डिझेलचा वास आला, तर एखादा इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) गळतो आहे असे समजावे.

पिकअप पडला की टर्बोवर आळ

सर्वाधिक पैसा वाया जातो तो येथे. गाडी चढावर ओढत नाही, काळा धूर टाकते, कधीकधी एका ठरावीक वेगापुढे जातच नाही. गॅरेजात निदान होते की टर्बो गेला. टर्बो जातो हे खरे, पण तो संशयितांच्या यादीत शेवटचा असायला हवा. सुरुवात एअर फिल्टरपासून करावी. कापूस-सोयाबीनच्या हंगामात कच्च्या रस्त्याने फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर मळकट चादरीसारखा झालेला असतो. कॉम्प्रेसरची हवा मारून तोच पुन्हा बसवण्याची पद्धत आहे. जोराच्या हवेने कागदाला बारीक छिद्रे पडतात आणि धूळ थेट टर्बोच्या पात्यांवर जाते. फिल्टर बदलणेच स्वस्त पडते.

त्यानंतर टर्बोपासून इंटरकूलरकडे (दाबलेली हवा गार करणाऱ्या जाळीकडे) आणि तिथून इंजिनाकडे जाणारे रबरी पाइप पाहावेत. इंजिन बंद व थंड असताना पाइप हाताने दाबून, वाकवून, खालच्या बाजूने बोट फिरवून पाहिले तर चीर सापडते. तिच्याभोवती ऑइलचा ओलसर, धूळ चिकटलेला पट्टा असतो. ॲक्सिलरेटर दाबल्यावर ‘फुस्स’ असा आवाज येत असेल तर निदान जवळपास पक्केच झाले. बदलत्या पात्यांच्या टर्बोत व्हॅक्यूमची बारीक नळीही तपासावी. वाड्यात किंवा धान्याच्या पोत्यांशेजारी गाडी उभी राहत असेल तर उंदीर ही नळी आणि वायरिंग कुरतडतात, आणि नव्या टर्बोच्या किमतीचा आजार काही रुपयांच्या नळीने बरा होतो. मग हवा मोजणारा सेन्सर आणि ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) यांचा क्रम लागतो. शहरातल्या शहरात, कमी वेगाने फिरणाऱ्या गाडीच्या ईजीआरमध्ये काजळीचा थर इतका साचतो की तो अर्धवट उघडा अडकून राहतो. त्याने काळा धूर आणि थरथर दोन्ही येतात. तो साफ करावा. पत्र्याची पट्टी टाकून तो कायमचा बंद करणे प्रदूषणाच्या नियमात बसत नाही आणि चेक लाइटही पेटू शकतो.

एवढे करूनही दोष टर्बोतच निघाला, तर तो का गेला हे शोधल्याखेरीज नवा बसवू नये. ऑइल आणणारी नळी काजळीने तुंबलेली असेल तर नवा टर्बोही थोड्याच दिवसांत त्याच वाटेने जातो. बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढून आल्याबरोबर धाब्यावर गाडी बंद करण्याची सवय या तुंबण्याला हातभार लावते. तापलेल्या टर्बोतले ऑइल तिथेच करपते. मिनिटभर इंजिन निवांत चालू ठेवावे, एवढे पुरते.

बोअरचे पाणी आणि काढलेला थर्मोस्टॅट

आपल्याकडील बोअरचे पाणी जड असते, हे घरातल्या गीझरच्या कॉइलवरून कोणालाही ठाऊक आहे. तेच पाणी रेडिएटरमध्ये ओतले जाते. क्षारांचा थर नळ्यांत बसतो, ॲल्युमिनियमच्या हेडला आतून गंज चढतो आणि मे महिन्यात परभणी-नांदेडच्या रस्त्यावर एसी चालू असताना काटा वर जातो. मग दुसरी चूक होते: ‘उन्हाळा आहे, थर्मोस्टॅट काढून टाका.’ थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. ती काढल्याने तुंबलेला रेडिएटर साफ होत नाही. इंजिन मात्र योग्य तापमानाला यायला फार वेळ घेते, गाडीतला संगणक त्याला थंड समजून जास्त डिझेल देतो, ॲव्हरेज घटते आणि काजळी वाढते. योग्य उपाय म्हणजे रेडिएटर धुऊन, कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर समप्रमाणात भरणे. बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड वॉटर प्रत्येक गावात मिळते. तापलेल्या इंजिनावर बाहेरून गार पाणी मारू नये आणि झाकणही लगेच उघडू नये. हेड वाकले की हेड पॅकिंग बदलूनही भागत नाही.

कॅनमधले डिझेल

पंप दूर असल्याने ट्रॅक्टरसाठी भरून ठेवलेले कॅन कारमध्ये रिकामे केले जातात. उघड्या कॅनमध्ये धूळ जाते आणि दमट हवेतले पाणी तळाशी साचते. कॉमन रेलच्या हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचेच मिळते. त्यात पाणी किंवा रॉकेल मिसळले की पंप घासतो आणि त्याचा कीस पुढे इंजेक्टरांत जातो. डिझेल फिल्टर वेळेवर बदलावा, आणि त्याच्या तळाशी निचऱ्याचा स्क्रू असेल तर पावसाळ्यात मधूनमधून पाणी काढावे.

गाडी लवकर सेल्फ घेत नसेल तर

परभणीची थंडी प्रसिद्ध आहे आणि डिसेंबरात गाडी चालू झाली नाही की सगळा दोष ग्लो प्लगवर (थंड सिलिंडर तापवणाऱ्या हीटरवर) येतो. पण दुपारी, गरम इंजिनही लांब सेल्फ घेत असेल तर रेलमध्ये दाब साचत नाही, असा त्याचा अर्थ निघतो. अशा वेळी चारही इंजेक्टर काढून दुरुस्तीला पाठवण्यापूर्वी परतीच्या डिझेलची चाचणी करायला सांगावी. चारही इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्यांना एकसारख्या पारदर्शक बाटल्या जोडून इंजिन काही मिनिटे चालवतात. एक बाटली इतरांपेक्षा लवकर भरली तर तोच इंजेक्टर आतून गळतो आहे, आणि काम एकाचेच आहे. इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर व ‘चक्-चक्’ आवाज असेल, तर फक्त तांब्याचा वॉशर गेलेला असू शकतो. चारही बाटल्या सारख्या आणि कमी भरल्या, तर इंजेक्टरांना हात न लावता आधी बॅटरीचे टर्मिनल, अर्थिंगच्या तारेचा बोल्ट आणि सेल्फचा वेग तपासून घ्यावा, कारण इंजिन पुरेशा वेगाने फिरले नाही तर धडधाकट पंपालाही दाब बांधता येत नाही.