क्लार्क ऑफ द कोर्स: या चुका टाळा

नावात ‘क्लार्क’ आहे, पण सर्किटवर शर्यत सुरू करायची, थांबवायची की रद्द करायची, हे रेस कंट्रोलमध्ये, म्हणजे शर्यतीच्या नियंत्रण-खोलीत, बसलेला हाच माणूस ठरवतो. (जिथे वेगळा रेस डायरेक्टर नेमलेला असतो, तिथे यातले बरेचसे निर्णय त्याच्याकडे जातात.) आपल्याकडे सगळे त्याला ‘सीओसी’ म्हणतात. गंमत अशी की या पदावरच्या निम्म्याअधिक चुका खरोखर कारकुनीतल्याच असतात. कुठे वेळ टिपायची राहते, कुठे सूचना तोंडीच दिली जाते, तर कुठे कुणी काय म्हणालं याची नोंदच सापडत नाही.

सुरुवात खुर्चीपासून करू. अपघात झाला की हाडाचा आयोजक असलेला सीओसी उठून धावत सुटतो, आणि ही सर्वांत महागडी सवय आहे. तो वळणावर पोहोचेपर्यंत दुसऱ्या टोकाला काही घडलं तर निर्णय घ्यायला कंट्रोलमध्ये कुणी नसतं. जागेवर जायला डेप्युटी असतो, रिकव्हरीचा, म्हणजे अडकलेल्या गाड्या हलवण्याचा, प्रमुख असतो, डॉक्टर असतात. खुर्ची सोडावीच लागली तर आधी रेडिओवर सांगा: ‘कंट्रोल आता डेप्युटीकडे’. त्याची वेळ लॉगमध्ये लिहा.

रेडिओवरचे आकडे

महाराष्ट्रात मोटोक्रॉस, ऑटोक्रॉसला स्वयंसेवक मार्शल (ट्रॅकलगतच्या ‘पोस्ट’वर, म्हणजे चौकीवर, उभे राहून झेंडे दाखवणारे) बहुतेक स्थानिक मुलं असतात आणि रेडिओवर मराठी, हिंदी, इंग्रजी सगळं चालतं. त्याला हरकत नाही, घोळ होतो तो आकड्यांत. इंजिनाच्या आवाजात ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ सारखंच ऐकू येतं. इंग्रजीत ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’चं तेच. म्हणून आकडा सुटा बोलायचा आणि ऐकणाऱ्याने तो परत म्हणायचा:

‘कंट्रोल, पोस्ट सात.’
‘बोला सात.’
‘गाडी सहा-नऊ. डाव्या हाताला, वाळूत. ड्रायव्हर बाहेर, चालतोय. गाडी धोक्याच्या जागी.’
‘गाडी सहा-नऊ, डावीकडे वाळूत, ड्रायव्हर ठीक, गाडी धोक्यात. कळलं.’

पहिल्या वाक्यात जागा, दुसऱ्यात गाडी, मग माणूस, मग धोका. ‘मोठा अपघात झालाय!’ एवढंच ओरडणाऱ्या मार्शलला दोष देऊ नका. सकाळच्या ब्रीफिंगमध्ये हा क्रम कुणी शिकवला नव्हता, असाच त्याचा अर्थ.

पिवळ्या झेंड्याचंही तसंच. पिवळा दाखवायला पोस्टला सीओसीची परवानगी लागत नाही. धोका दिसला की आधी झेंडा, मग रेडिओ. परवानगीची वाट पाहणारं पोस्ट दिसलं तर सत्र संपताच जाऊन समजावा. शर्यत थांबवणाऱ्या लाल झेंड्याचा नियम मात्र उलटा: तो कंट्रोलच्या हुकमावर सगळ्या पोस्टवर एकदम निघतो, कुणी आपल्या मनाने काढायचा नाही. लाल आणि शर्यत संपल्याचा चौकड्यांचा झेंडा किमान ८० बाय १०० सेंटिमीटर हवा, बाकीचे किमान ६० बाय ८०. शिंप्याकडून घाईत शिवून घेतलेले झेंडे यापेक्षा लहान निघतात, म्हणून आदल्या दिवशी टेप लावून मोजा.

रिकव्हरीची घाई

डबल पिवळा (एकदम दोन पिवळे झेंडे: वेग खूप कमी करा, थांबायची तयारी ठेवा) लागलाय, आता क्रेन सोडायला हरकत नाही, असं वाटणं धोकादायक आहे. ५ ऑक्टोबर २०१४ रोजी जपानमधल्या सुझुकाला, फॉर्म्युला वनच्या शर्यतीत, पावसात ड्रायव्हर सुटिलची गाडी घसरली. तिला उचलायला रिकव्हरीचं वाहन आत आलं होतं आणि डबल पिवळे फडकत होते. पुढच्याच फेरीत त्याच जागी दुसरा ड्रायव्हर ज्यूल बियांकी घसरला आणि थेट त्या वाहनावर आदळला. पुढे त्यातच त्याचा मृत्यू झाला. २०१५पासून फॉर्म्युला वनमध्ये व्हर्च्युअल सेफ्टी कार (सगळ्या गाड्यांना एकदम वेग कमी करायला लावणारी व्यवस्था) आली, ती या धड्यातून. तरीही २०२२मध्ये त्याच ट्रॅकवर, पुन्हा पावसात, ड्रायव्हर गॅस्लीला रिकव्हरीच्या वाहनाशेजारून जावं लागलं.

धडा साधा आहे. संरक्षक भिंतीच्या आतल्या, म्हणजे ट्रॅकच्या, बाजूला जड वाहन जाणार असेल, तर आधी सेफ्टी कार (सगळ्यांच्या पुढे राहून वेग कमी ठेवणारी आयोजकांची गाडी) बाहेर काढून सगळ्या गाड्या तिच्यामागे गोळा करा किंवा लाल झेंडा द्या. ट्रॅक ओला असेल तर लालच बरा. ‘दोन मिनिटांत उचलून होईल’ हे वाक्य रेडिओवर आलं की कान टवकारा.

प्राण्यांबाबतही हेच. २०११मध्ये बुद्ध सर्किटवर पहिल्याच इंडियन ग्रां प्रीच्या पहिल्या सराव सत्रात कुत्रा ट्रॅकवर आला आणि लाल झेंडा द्यावा लागला. कुंपणाखालची फट आदल्या दिवशी पायी फिरूनच सापडते, गाडीतून दिसत नाही.

रुग्णवाहिका हॉस्पिटलला गेली आणि बदली गाडी जागेवर नाही, तर पुढचं सत्र सुरू करायचं नाही. वेळापत्रक कोलमडलं तर कोलमडू द्या. ऑक्टोबर २०२०मध्ये जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगला फॉर्म्युला वनच्या वेळी धुक्यामुळे वैद्यकीय हेलिकॉप्टर उडू शकत नव्हतं, तेव्हा शुक्रवारची दोन्ही सत्रं रद्द झाली. गाड्या, ड्रायव्हर, प्रेक्षक सगळे हजर होते.

शेवटचा झेंडा आणि निकाल

२०१८मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रिऑलला फॉर्म्युला वनच्या ७० फेऱ्यांच्या शर्यतीत चौकड्यांचा झेंडा एक फेरी आधी फडकला. निकाल ६८व्या फेरीअखेरचा धरला गेला, कारण झेंडा चुकून लवकर पडला तर आघाडीच्या गाडीने त्याआधी शेवटची रेषा ओलांडली तिथेच शर्यत संपली असं नियम सांगतो. पुढच्याच वर्षी सुझुकाला सिग्नलच्या पाटीवर तो एक फेरी आधी उमटला. उपाय स्वस्त आहे: झेंडा पाहुण्याच्या हातात असला तरी त्याच्या शेजारी एक अधिकारी उभा करा आणि ‘आता’ हा शब्द त्या अधिकाऱ्यालाच द्या. टाइमकीपर आणि कंट्रोल या दोघांची फेरी-संख्या जुळल्याशिवाय तो शब्द उच्चारायचा नाही.

निकालाच्या कागदावर प्रसिद्धीची वेळ घाला. तात्पुरत्या निकालाविरुद्ध तक्रारीची ३० मिनिटं तिथून मोजली जातात, आणि वेळच नसेल तर मुदत संपली की नाही यावरच वाद पेटतो. तोपर्यंत पार्क फर्मेचं (शर्यतीनंतर गाड्या हात न लावता ठेवायच्या बंदिस्त जागेचं) फाटक उघडायचं नाही, मेकॅनिक कितीही विनवोत.

आता प्रश्न, शिक्षा कुणी द्यायची? सीओसी अहवाल देतो: वेळ, जागा, गाडी क्रमांक, कोणत्या पोस्टने पाहिलं. निर्णय स्टीवर्ड्सचा, म्हणजे स्पर्धेच्या पंचांचा. ‘मी बोलतो त्यांच्याशी’ असं ड्रायव्हरला कधीच सांगू नका. नियमात बदल हवा असेल तर सुरक्षिततेचं किंवा अपरिहार्य कारण, स्टीवर्ड्सची संमती आणि क्रमांक घातलेलं लेखी बुलेटिन, हे तिन्ही हवेत. ब्रीफिंगमध्ये तोंडी सांगितलेला बदल तक्रारीत टिकत नाही. ब्रीफिंगची हजेरी सहीनिशी घ्या, उशिरा आलेल्याला वेगळं सांगा आणि त्याचीही सही घ्या.

टीमच्या लोकांना कंट्रोलपासून दूर ठेवा. अबू धाबीत फॉर्म्युला वनच्या २०२१च्या शेवटच्या शर्यतीत टीमप्रमुख थेट रेस डायरेक्टरशी रेडिओवर बोलत होते. सेफ्टी कारमागून काहीच गाड्यांना पुढे जाऊ दिलं गेलं आणि पुढे एफआयएच्या (मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या) अहवालात मानवी चूक नोंदली गेली. नंतर हा थेट संपर्क बंद झाला. लहान स्पर्धेत हेच दाराशी घडतं. टीमसाठी एकच संपर्क अधिकारी नेमा, त्याला बाहेर टेबल द्या आणि कंट्रोलच्या खोलीला आतून कडी घाला.