‘अर्जंट’ लिहिताना या चुका टाळा

मराठीत ‘अर्जंट’ पडेल ते काम करतो. ‘अर्जंट काम आहे’, ‘अर्जंट ये’, ‘मला अर्जंट आहे’! शेवटच्या वाक्यात तर कुठे जायचंय तेही सांगावं लागत नाही. इंग्रजीत मात्र तो नुसता विशेषण आहे, आणि आपण ही मराठी सवय तिकडे घेऊन जातो.

त्यामुळेच ‘आय नीड द सर्टिफिकेट अर्जंट’ असं लिहिलं जातं. इथे हवं ‘अर्जंटली’. व्याकरण आठवत नसेल तर मनात मराठी वाक्य म्हणा. ‘तातडीचा, तातडीची, तातडीचं’ बसलं तर अर्जंट. ‘तातडीने’ बसलं तर अर्जंटली. तातडीची मीटिंग म्हणजे ‘ॲन अर्जंट मीटिंग’, तातडीने पाठवा म्हणजे ‘प्लीज सेंड इट अर्जंटली’. ही युक्ती सहसा दगा देत नाही.

‘आय ॲम अर्जंट’ हे तर लिहूच नका. काम अर्जंट असतं, माणूस घाईत असतो: ‘आय ॲम इन अ हरी’. ‘अ अर्जंट’ही नको, ‘ॲन अर्जंट’ हवं, कारण उच्चार ‘अ’ने सुरू होतो. ‘युनिव्हर्सिटी’च्या इंग्रजी स्पेलिंगचं पहिलं अक्षर तेच, U, पण उच्चार ‘यु’, म्हणून तिथे ‘अ युनिव्हर्सिटी’.

उच्चाराचंही एक आहे. ‘अर्जंट’मधला ज ‘जिल्हा’तला, ‘जमीन’मधला नव्हे. आपल्या ‘अर्ज’मुळे जीभ घसरत असावी, पण दोघांचं नातं नाही. अर्ज अरबीतून आला. अर्जंट लॅटिनमधून, ‘रेटणे, ढकलणे’ अशा अर्थाच्या क्रियापदावरून.

जीव धोक्यात असेल तर ‘इमर्जन्सी’. ते नाम आहे, म्हणून ‘इट इज ॲन इमर्जन्सी’; ‘ॲन’ गाळू नका. आणि अर्जंट म्हणजे महत्त्वाचं, असंही नाही. वीजबिलाची आज शेवटची तारीख, हे अर्जंट. वडिलांची दरवर्षीची तपासणी महत्त्वाची, पण ती पुढच्या आठवड्यातही चालते.

मेलच्या विषयात ‘व्हेरी व्हेरी अर्जंट’ लिहूनही उत्तर येत नाही, ही तक्रार नेहमीची. रोज तेच वाचणाऱ्याला तो शब्द दिसेनासा होतो, आणि साहेबांना पाठवला तर हुकूम वाटतो. त्याऐवजी वेळ आणि कारण लिहा: ‘कुड यू प्लीज साइन धिस बाय 4 पीएम? द बँक क्लोजेस आफ्टर दॅट.’ या वाक्यात ‘अर्जंट’ कुठेच नाही.