प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर नवरा-बायकोचं काय? कुणाला विचारायचं, कसं विचारायचं

ओपीडीत प्रोस्टेटच्या कॅन्सरचा पेशंट सहसा एकटा नसतो. शेजारी मुलगा उभा, फाइल सुनेच्या हातात, डॉक्टर पीएसए म्हणजे प्रोस्टेटच्या रक्ततपासणीचा आकडा बघतात, लघवी कंट्रोलमध्ये आहे का, पॅड किती लागतात विचारतात आणि पुढचा नंबर पुकारला जातो. आता पासष्टीचा माणूस मुलासुनेदेखत काय विचारणार, की डॉक्टर ताठरता येत नाही? नाहीच विचारत. आणि बरेच डॉक्टरही आपणहून विषय काढत नाहीत, त्यांना वाटतं वय झालंय, ह्यांना कुठे आता त्याचं पडलंय. झालं, दोघंही गप्प.

म्हणून चिठ्ठी न्यायची. "ऑपरेशननंतर ताठरता येत नाही. गोळी, पंप, इंजेक्शन यातलं मला काय चालेल? अँड्रॉलॉजिस्टकडे पाठवाल का?" एवढं लिहिलं तरी पुरे. अँड्रॉलॉजिस्ट म्हणजे पुरुषांच्या अशा तक्रारी बघणारे डॉक्टर. चिठ्ठी रिपोर्टच्या वर क्लिप लावून फाइल सरळ डॉक्टरांसमोर सरकवायची आणि मुलाला खाली मेडिकलमध्ये पिटाळायचं. बायकोला मात्र आत न्या, कारण घरी जाऊन तुम्ही तिला अर्धंच सांगणार आहात.

हे का होतं ते कळलं की निम्मी लाज जाते. ताठरतेच्या नसा प्रोस्टेटला दोन्ही बाजूंनी चिकटून जातात, सर्जनने त्या वाचवल्या तरी दुखावतातच आणि सावरायला दीड-दोन वर्षं लागू शकतात. रेडिएशनवाल्यांचं उलटं, सुरुवातीला ठीक असतं आणि मग काही वर्षांत हळूहळू कमी होत जातं. हार्मोनची इंजेक्शनं चालू असतील तर ताठरता सोडा, बऱ्याच जणांची इच्छाच मावळते, मधूनच अंगातून वाफा निघतात, चिडचिड होते. हे बायकोला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिच्या डोक्यात बसतं की ह्यांचं माझ्यावरून मन उडालं.

आणि हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो, ताठरता नसली तरी शेवटचं सुख मिळू शकतं, त्या संवेदनेची नस वेगळी आहे. प्रोस्टेट काढल्यावर वीर्य येत नाही, सगळं कोरडंच होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. त्या क्षणी कधी थोडी लघवी निसटते, तर आधी बाथरूमला जाऊन यायचं आणि खाली जुना टॉवेल टाकायचा. पेल्विक फ्लोअरचे, म्हणजे लघवी रोखून धरणाऱ्या स्नायूंचे व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट असतात, लघवीसाठी त्यांच्याकडे जाताच आहात तर हेही तिथेच बोलून घ्या. आणि संबंध ठेवल्याने कॅन्सर परत येतो किंवा बायकोला लागतो असं कुणी म्हणत असेल तर ते साफ खोटं आहे. ऑपरेशननंतर किती आठवडे थांबायचं ते सर्जनला विचारा, आणि आत रेडिएशनचे दाणे बसवले असतील तर सुरुवातीला काय काळजी घ्यायची तेही विचारून घ्या.

आता उपाय. सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, रिकाम्या पोटी, साधारण तासभर आधी. श्रीखंड-पुरीचं जेवण करून घेतली तर उशिरा आणि कमी काम करते आणि मग लोक म्हणतात गोळी बोगस. टाडालाफिल ही तशीच दुसरी गोळी, तिचा असर ३६ तासांपर्यंत राहू शकतो, काही डॉक्टर ती कमी डोसमध्ये रोज देतात. दोन्ही गोळ्या आपोआप काही करत नाहीत, जवळ येणं, स्पर्श हे लागतंच, आणि एका रात्रीत निकाल लावू नका, सहा-आठ वेळा तरी बघा. नसा अजिबात वाचल्या नसतील तर मात्र गोळी बहुधा चालत नाही, तो तुमचा दोष नाही.

आणि हे नीट वाचा: छातीत दुखलं की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवत असाल किंवा नायट्रेटचं दुसरं कुठलंही औषध चालू असेल तर या गोळ्या अजिबात नाही, बीपी एकदम कोसळून जीवावर बेतू शकतं. म्हणूनच केमिस्टकडून गुपचूप आणायच्या नाहीत. लोकलच्या डब्यात 'कमजोरी'ची जाहिरात चिकटवणाऱ्यांकडे तर फिरकूसुद्धा नका, त्या जडीबुटीच्या पुड्यांमध्ये न सांगता सिल्डेनाफिलच मिसळलेलं सापडतं. टेस्टोस्टेरॉन वाढवणारं काही तर आपल्या आजारात कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोंडातही घालायचं नाही.

गोळी नाही चालली तर व्हॅक्युम पंप आहे, लिंगावर नळी बसवून हवा ओढायची, ताठरता आली की मुळाशी रिंग चढवायची. थोडा ओबडधोबड कारभार आहे, दोघांना हसू येतं, येऊ द्या. ती रिंग ३० मिनिटांपेक्षा जास्त ठेवायची नाही, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारायचं. त्यापुढे लिंगात घ्यायचं इंजेक्शन, सुई बारीक असते, पहिला डोस दवाखान्यातच घेतात आणि हाताने घ्यायला शिकवतात. ताठरता चार तास झाले तरी उतरली नाही तर लाजत बसू नका, सरळ कॅज्युअल्टी गाठा. शेवटचा पर्याय इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून लिंगात बसवायच्या कांड्या. वाकवता येणारे आणि फुगवता येणारे दोन्ही भारतात बसवतात, पण बाकी सगळं करून झाल्यावर, घाईने नाही.

हे सगळं अँड्रॉलॉजिस्ट किंवा यात काम करणारे यूरोलॉजिस्ट बघतात. पाटीवर नुसतं 'सेक्सॉलॉजिस्ट' दिसलं की शिरू नका, डिग्री वाचा. मुंबईत केईएमला डॉ. प्रकाश कोठारींनी सेक्शुअल मेडिसिनचा विभाग उभा केला, म्हणजे पालिकेच्या हॉस्पिटलमध्ये हे विचारलं तर कुणी हसेल असं समजायचं कारण नाही. टाटा मेमोरियलला ट्रीटमेंट चालू असेल तर तिथे मनाच्या त्रासासाठी सायको-ऑन्कोलॉजीचे डॉक्टर आहेत. गावाकडे असाल आणि रात्री झोपच लागत नसेल, डोक्यात नको ते विचार येत असतील तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, २४ तास चालू, फुकट, मराठीत बोलतात. परदेशात मुलाकडे राहत असाल तर आणखी सोपं, इंग्लंडमध्ये प्रोस्टेट कॅन्सर यूके संस्थेच्या नर्स फोनवर मोकळेपणाने बोलतात.

घरात मात्र कुठलाच डॉक्टर येणार नाही. आपल्याकडे आजारपणात बाबांची कॉट हॉलमध्ये जाते आणि कॅथेटर निघाला तरी तिथेच राहते, आजीजवळ नातवंडं झोपायला लागतात. आधी ती कॉट आत आणा. नातवंडांना सांगा शनिवारी आईबाबांकडे झोपायचं. दार लावून नुसतं पडून गप्पा मारल्या, पाठीला तेल लावून दिलं, हातात हात घेतला तरी चालेल, पहिले काही दिवस संबंधाचं नावही काढू नका. बायकोचंही शरीर पन्नाशीनंतर बदललेलं असतं, कोरडेपणाने तिला दुखतं पण ती बोलत नाही, ल्युब्रिकंट जेल मेडिकलमध्ये मिळते आणि गायनॅकला विचारायला तिलाही सोबत लागेल, तेव्हा तुम्ही बाहेर पेपर वाचत बसू नका. तिलाच आता नको असेल तर तेही ऐकून घ्या. आणि एकटे असाल, बायको गेलेली असेल किंवा जोडीदार पुरुष असेल तरी डॉक्टरांना हेच प्रश्न विचारायचा तुम्हाला तितकाच हक्क आहे.

अँड्रॉलॉजिस्टकडे जाताना डिस्चार्ज कार्ड न्या, नसा एका बाजूच्या वाचवल्या की दोन्ही ते ऑपरेशनच्या नोटमध्ये असतं, नसेल तर सर्जनकडून लिहून घ्या. शेवटचा पीएसए, शुगर, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी, बीपीच्या आणि हृदयाच्यासुद्धा. आणि चिठ्ठी परत लिहा, पहिली डॉक्टरांकडेच राहिली असेल.