चित्रपटसंगीतातील जॅझ कसा ओळखावा

पार्श्वसंगीतात केवळ सॅक्सोफोन ऐकू आला म्हणून त्याला जॅझ म्हणू नये. आधी तालाकडे लक्ष द्यावे. झांजेचे ठोके समान अंतराने न पडता लांब-आखूड अशा जोडीने झुलत असतील आणि डबल बास (उभे धरून वाजवायचे, खर्जातले मोठे तंतुवाद्य) प्रत्येक मात्रेवर एकेक सूर देत पुढे सरकत असेल, तर ती भक्कम खूण समजावी. मग एखादे वाद्य मूळ चाल सोडून उत्स्फूर्त विस्तार करते का, ते ऐकावे.

सरावासाठी लुई माल यांचा १९५८ सालचा 'आसान्सर पूर लेशाफो' हा फ्रेंच चित्रपट निवडावा, कारण अमेरिकी जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस आणि त्यांच्या साथीदारांनी त्याचे विलक्षण संगीत पडद्यावरील दृश्ये पाहत बरेचसे उत्स्फूर्तपणे वाजवले होते. नायिका रात्री पॅरिसमध्ये भटकते, तो प्रसंग आधी आवाज बंद करून आणि नंतर संगीतासह पाहावा.