नव्या समुद्री टाकीतला दगड गुलाबी व्हावा म्हणून

आमच्या तासगाव भागात कुणी समुद्री टाकी मांडायची म्हटली, की पहिला प्रश्न येतो, दगड आणायचा कुठून? समुद्रावरून उचलून तर मुळीच नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत वाघ आहे, तसं प्रवाळही आहे, आणि समुद्रातला असा दगड बहुधा प्रवाळाचाच सांगाडा असतो. बाजारातला ड्राय रॉक, म्हणजे जीव नसलेला कोरडा दगड, घ्या आणि कुणाच्या तरी जुन्या, निरोगी टाकीतला मूठभर आकाराचा लाइव्ह रॉक, म्हणजे जीव वसलेला ओला दगड, मागून आणा. तेवढ्या दगडावर पाणी स्वच्छ ठेवणारे बॅक्टेरिया आणि दगड गुलाबी-जांभळा करणाऱ्या कोरलाइन शेवाळाचं बियाणं, दोन्ही येतं.

पुण्या-कोल्हापूरहून आणताना तो टाकीच्याच पाण्यात भिजवलेल्या वर्तमानपत्रात गुंडाळून थर्माकोलच्या पेटीत ठेवा. घरी आल्यावर आधी वास घ्या. ओल्या वाळूसारखा, शिंपल्यांसारखा वास आला तर दगड ठीक आहे. सडक्या अंड्यांचा वास आला, खाचांत पांढरी बुळबुळीत साय दिसली, तर वाटेत आतले जीव मेलेत. तसला दगड थेट टाकीत सोडू नका. वेगळ्या टबात खारं पाणी, छोटा पंप आणि टूथब्रश. घासायचं, पाणी बदलायचं, वास जाईपर्यंत. नळाखाली मात्र धरू नका. वाचलेले जीवही मरतात.

आता पाणी. आपल्या बोअरच्या क्षारांनी ड्रिपर कसे बुजतात ते तुम्ही रोज बघता, तेव्हा ते पाणी नको. पिण्याच्या आरओवरही थांबू नका, पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे मणी) जोडा आणि टीडीएस मीटरवर, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मीटरवर, शून्य येऊ द्या. समुद्री मीठ लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम लागतं. खारटपणा ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), म्हणजे स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (गोड्या पाण्याच्या तुलनेत घनता) १.०२५ च्या आसपास. मीठ बादलीत विरघळवून, रात्रभर पंप फिरवून, मगच टाकीत.

द्राक्षवाल्या घरांसाठी एक गोष्ट मी हात जोडून सांगतो. बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं फवारणीचं मिश्रण) कालवलेली बादली कितीही धुतली तरी टाकीच्या कामाला घेऊ नका. मोरचुदातलं तांबं अगदी थोडं गेलं तरी गोगलगायी आणि कोळंबी मरतात, आणि दगड ते तांबं धरून ठेवतो. टाकीची बादली, मग, पाइप, सगळं वेगळं ठेवा आणि त्यावर खूण करा. फवारणी करून आलात तर टाकीत हात घालू नका.

सुरुवातीचे चार ते सहा आठवडे टाकीत मासा नको. बॅक्टेरियाला खाद्य म्हणून बाटलीतून थोडा अमोनिया द्या, २ पीपीएमपर्यंत (दहा लाखात दोन भाग). एका जातीचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. दिलेला अमोनिया चोवीस तासांत संपून अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले, की दगड कामाला लागला. या काळात दिवा बंदच ठेवला तरी चालतो. पुढे दिवा लावल्यावर काचेवर तपकिरी थर चढेल; ते डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ आहे, बहुतेक वेळा आपोआप ओसरतं. त्यासाठी औषध ओतू नका.

कोरलाइन सावकाश येतं. आधी सुईच्या टोकाएवढे जांभळे ठिपके, तेही बहुधा पंपावर आणि काचेच्या कोपऱ्यात, दगडावर नंतर. हे लाल शेवाळ अंगात चुना भरतं, म्हणून कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पेलण्याची ताकद) ८ ते ९ डीकेएच (ती मोजायचं एकक) आणि मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएम लागतं. आकडा किंचित इकडेतिकडे असला तरी चालेल, रोज हलता नको. अल्कलिनिटी एका दिवसात खालीवर झाली की ठिपके पांढरे पडतात. फॉस्फेट वाढलं तरी चुना धरत नाही आणि वर हिरवं केसाळ शेवाळ माजतं. तेव्हा खाद्य कमी करा, पाणी बदला.

कॅल्शियम कमी भरलं म्हणून बागेचं कॅल्शियम नायट्रेट टाकू नका, नायट्रेट चढेल. टाकीत कॅल्शियमसाठी कॅल्शियम क्लोराइड आणि अल्कलिनिटीसाठी खायचा सोडा पुरतो. दोन्ही एकदम मात्र नाही. ड्रिपला कॅल्शियम नायट्रेट आणि फॉस्फरस एका टाकीत कालवले की तळाला पांढरा गाळ बसतो, तेच इथेही होतं. एक सकाळी, एक संध्याकाळी, तेही पंपाच्या धारेत थेंब थेंब.

एप्रिल-मेत आपल्याकडची खोली तापते. २६ अंशांची टाकी ३० वर गेली तर पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा लावा, दोन-तीन अंश उतरतात. पंख्याने पाणीही भरभर उडतं. उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागे राहतं, म्हणून भरती गोड्या शून्य टीडीएसच्या पाण्याची करायची, खाऱ्या नव्हे. वीज गेली तर बॅटरीवरचा एअर पंप लगेच सुरू करा. प्रवाह थांबला की दगडाच्या आतले बॅक्टेरिया गुदमरतात.

काचेवर कोरलाइन जमलं की जुन्या प्लास्टिकच्या कार्डाने खरवडा आणि त्याच वेळी पंप दगडांच्या दिशेने वळवा. भुकटी खाचांत बसते आणि नवे ठिपके तिथून धरतात. पंपावरचा थर मात्र साठू देऊ नका. तो गच्च झाला की पंपातलं फिरतं पातं अडतं. पंप काढून निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी यात तासभर बुडवा, ब्रश फिरवा, आरओच्या पाण्याने धुऊन परत बसवा.